कुलूप कोणत्या बाजूला फिरतं? हौशी लॉक पिकिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर कुलपांचा डबा दिसला की घरी येणारा प्रत्येक माणूस तेच ते विचारतो, मग भाच्याचे हॉस्टेलवाले दोस्त व्हॉट्सॲपवर विचारतात, मग त्यांचे दोस्त. उत्तरं टाइप करून करून बोटं दुखली म्हणून सगळं इथे एकाच ठिकाणी लिहून टाकलं. सगळ्यात जास्त प्रश्न "फिरवायचं कोणत्या बाजूला" याचेच येतात, त्यामुळे अर्ध्याहून जास्त जागा त्यालाच दिली आहे. घाई असेल त्यांनी सरळ प्रश्न ५ वर जा.

१. लॉक पिकिंग म्हणजे काय? चोरी शिकवून राहिला का भाऊ?

नाही बाप्पा. चाबी न वापरता आणि कुलूप न तोडता, आतल्या पिना एकेक करून जागेवर बसवून ते उघडायचं, एवढाच खेळ आहे. कोणी शब्दकोडं सोडवतं, कोणी बुद्धिबळ खेळतं, आम्ही पितळेच्या तुकड्याशी तासभर झुंजतो. चोराला एवढा धीर नसतो, तो कटावणी घालतो आणि कोयंडाच उखडतो, कुलूप बिचारं शेवटपर्यंत बंदच राहतं. बाहेरच्या देशांत याचे रीतसर क्लब आहेत, जर्मनीत हॅम्बुर्गला १९९७ मध्ये असा एक क्लब सुरू झाला आणि तिथे स्पर्धा वगैरे पण होतात.

दोन नियम मात्र जगात सगळीकडे सारखे. जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे कुलूप वापरात आहे, म्हणजे ज्याच्या भरवशावर दार बंद आहे, त्याला पण हात लावायचा नाही, मग ते आपलं स्वतःचं का असेना. दुसरा नियम मी एकदा मोडला आणि काय झालं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२. हे लीगल आहे का? पोलिसांनी पिक सेट, म्हणजे कुलूप उघडायच्या पट्ट्या, पाहिला तर?

मी वकील नाही, पण एक गोष्ट माहीत असू द्या. स्वतःच्या घरात स्वतःचं कुलूप उघडणं हा काही गुन्हा नाही. दुसऱ्याचं उघडून आत शिरलात तर तो घरफोडीचा मामला आहे, आधी भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. आणि आपल्यासाठी जास्त कामाचं कलम आहे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार कायदेशीर कारण नसताना जवळ सापडलं तर कारवाई होऊ शकते, आणि कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर असते, पोलिसांवर नाही.

म्हणून पिक सेट घरात राहू द्या. रात्री अकरा वाजता नागपुरात फुटाळा तलावावर दोस्तांना करामत दाखवायला खिशात घालून नेला आणि नाकाबंदीत गाडी अडवली तर "साहेब, हॉबी आहे" हे वाक्य फार लांब जात नाही.

३. कुलपाच्या आत असतं तरी काय?

साधं पिनवालं कुलूप घेऊ. बाहेरची बॉडी, आणि तिच्यात फिरणारा एक गोल दांडा, त्याला प्लग म्हणतात, चाबी घालतो ती फट याच प्लगमध्ये असते. बॉडी आणि प्लग दोघांमधून आरपार चार-पाच भोकं पाडलेली असतात, प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक, आणि त्यांच्या मागे स्प्रिंग. चाबी नसते तेव्हा स्प्रिंगकडची पिन अर्धी बॉडीत अर्धी प्लगमध्ये अशी फसलेली असते, म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर चाबी घातली की तिचे दात प्रत्येक जोडीला नेमकं एवढंच उचलतात की दोन पिनांमधला सांधा बरोब्बर प्लगच्या कडेवर येतो. या कडेला शीअर लाइन म्हणतात. सगळे सांधे तिथे आले की प्लग मोकळा.

आता गंमत इथे आहे. भोकं कधीच एका सरळ रेषेत नसतात, कारखान्यात केसभराचा फरक राहतोच. त्यामुळे प्लगला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, एकच अडते. ती उचलून बसवली की प्लग तसूभर सरकतो आणि दुसरी अडते. पिकिंग म्हणजे एवढंच, अडलेली पिन शोधा, बसवा, पुढची शोधा. पिना आणि चपटी चाबी असलेला आजचा नमुना अमेरिकेतल्या येल बाप-लेकांनी १९व्या शतकात बसवला, मुलाचं पेटंट १८६१ चं, पण लाकडी पिनांची कुलपं इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी होती.

पीळ हा शब्द लक्षात ठेवा. पीळ द्यायचा म्हणजे कोणत्यातरी एका बाजूलाच द्यावा लागतो, आणि सगळी रामायणं तिथूनच सुरू होतात.

४. सुरुवातीला काय घेऊ, आणि नागपुरात कुठे मिळेल?

चार किंवा पाच पिनांचं साधं पितळी कुलूप. इतवारीत लोहाओळीकडे चक्कर मारा किंवा घराजवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात जा, फक्त एक पाहा, चाबी चपटी आणि करवतीसारख्या दातांची पाहिजे. गोल दांड्याची आणि टोकाला झेंडा असलेली जाड चाबी म्हणजे लिव्हरचं कुलूप, ते पहिल्या दिवसाचं काम नाही (प्रश्न १३ पाहा). कबाड्याकडे विनाचाबीची कुलपं किलोच्या भावाने मिळतात, पण पहिलं कुलूप चाबीसकटच घ्या.

अवजारं दोनच. एक पिक, म्हणजे टोकाला किंचित वाकवलेली पातळ पट्टी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची. दुसरी टेन्शनची पट्टी, जी पीळ देते. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात स्टीलच्या लांब पट्ट्या असतात त्या टेन्शनसाठी एकदम मस्त, गॅरेजवाल्याला मागितल्या तर फुकट देतो, वर विचारतो कायले पाहिजे.

५. कुलूप कोणत्या बाजूला उघडतं हे आधीच कसं ओळखायचं?

पहिलं उत्तर ऐकून लोक चिडतात, पण तेच खरं आहे: चाबी घालून बघा ना भाऊ! कुलूप तुमचंच आहे, चाबी तुमच्याकडेच आहे (प्रश्न १). एकदा फिरवा, बाजू पाहा, मार्करने कुलपावर बाण काढा. मी नवीन कुलपाबरोबर आजही हे करतो. ही चीटिंग नाही.

चाबी नसलेलं कबाडातलं कुलूप असेल तर कुलपालाच विचारावं लागतं. पिनांना अजिबात हात लावू नका. फक्त टेन्शनची पट्टी फटीत घाला आणि आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पीळ द्या, दोन्हीकडे प्लग कुठेतरी अडेल. जरा जोर वाढवून अडणं कसं लागतं ते पाहा. बरोबर बाजूला प्लगला फक्त पिना अडवत असतात, त्यामुळे तो गचगचीत अडतो, पिकलेल्या संत्र्यावर बोट दाबल्यासारखा, थोडी दाद देतो. चुकीच्या बाजूला बऱ्याच कुलपांमध्ये धातूचा एक खुंट असतो, तिथे प्लग टक्कन थांबतो, भिंतीला टेकल्यासारखा, कितीही जोर लावा जागचा हलत नाही. हा फरक पहिल्यांदा कळत नाही, चाबीवाल्या कुलपावर आठवडाभर खेळलात की बोटाला आपोआप समजायला लागतो.

दोन्हीकडे गचगचीत लागलं तर? म्हणजे आत खुंटच नाही, स्वस्त कुलपांमध्ये असं पुष्कळदा असतं. मग घड्याळाच्या दिशेने सुरुवात करा, लोंबत्या कुलपांमध्ये हीच बाजू जास्त सापडते. दोन्हीकडे टणक लागलं तर बहुतेक आत माती आणि जुनं तेल जमलंय, आधी प्रश्न १५ वाचा.

हे सगळं एका मिनिटाचं काम आहे. ते न करता पिनांना भिडणारा माणूस दोन तास उलट्या बाजूने घाम गाळतो, आणि वाईट म्हणजे पिना बसतात पण! आत खुंट नसेल तर सगळ्या बसतात, प्लग फिरतो, कुलूप उघडत नाही. मग मला रात्री साडेबाराला मेसेज येतो की कुलूप खराब आहे. कुलूप चांगलं आहे, प्रश्न १० वाचा.

६. उजवीकडे म्हणजे काय, चाबीचा वरचा भाग उजवीकडे का खालचा?

अर्धी भांडणं यावरूनच. मी कधीच नुसतं उजवं-डावं म्हणत नाही, कारण वरचा भाग उजवीकडे गेला की खालचा डावीकडे जातो. घड्याळाची दिशा म्हणा, आणि ती नेहमी चाबी घालतो त्या तोंडाकडून पाहायची. लोंबतं कुलूप हातात उलटं धरा, आडवं धरा, तोंडाकडून पाहिलं तर दिशा बदलत नाही.

पट्टी खालच्या बाजूने फटीत घातली असेल तर सोपं आहे, दांडी उजवीकडे ठेवून खाली दाबली की प्लग घड्याळाच्या दिशेने, डावीकडे ठेवून खाली दाबली की उलट.

७. घराच्या दारासाठी काही पक्का नियम आहे का?

पक्का नाही, पण चालू नियम आहे. आजकाल फ्लॅटच्या दारांना जे सिलिंडर (म्हणजे कुलपाचा पिना आणि प्लग असलेला भाग) असतं, वर गोल आणि खाली लांबट असं, ते युरोपियन पद्धतीचं. त्यात पिना खालच्या भागात असतात, म्हणून चाबीचे दात खाली करून घालावी लागते. अशा कुलपात चाबीचा वरचा भाग चौकटीकडे नेला की बंद, चौकटीपासून लांब, म्हणजे बिजागरीकडे नेला की उघडं. तुमच्या समोर दार आहे, बिजागऱ्या डावीकडे, चौकट उजवीकडे, तर घड्याळाच्या दिशेने बंद होईल आणि उलट फिरवलं की उघडेल. आतून पाहिलं तर चौकट डावीकडे येते म्हणून घड्याळाची दिशा उलटते, पण चौकटीचा नियम तोच राहतो, म्हणून मला तो आवडतो.

आता अपवाद. अमेरिकन पद्धतीच्या, म्हणजे पिना वर आणि दात पण वर, अशा सिलिंडरला बऱ्याचदा नेमकं उलटं असतं, तिथे चाबीचा खालचा भाग चौकटीपासून लांब गेला की उघडतं. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ तिकडचे असतात, लोक ते पाहून मानेवाड्यातल्या फ्लॅटच्या दाराला नियम लावतात आणि फसतात. गोल मुठीच्या दारात जे कुलूप असतं ते जास्त करून घड्याळाच्या दिशेने उघडतं. आणि दाराला आतून स्क्रूने बसवलेली जी मोठी डबी असते, दोन-तीन वेळा चाबी फिरवायची, तिच्यात कंपनीगणिक फरक आहे, तिथे नियम सांगत बसण्यात अर्थ नाही, प्रश्न ५ ची परीक्षा घ्या.

८. ऑफिसचा ड्रॉवर, लेटरबॉक्स, लोखंडी कपाट?

ड्रॉवर आणि फाइल कॅबिनेट बहुतेक घड्याळाच्या दिशेने. यात पिना नसून पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना वेफर म्हणतात, बटाट्याचे नाही. लेटरबॉक्सच्या कुलपामागे एक जीभ असते, ती पाव फेरा फिरते, आणि कोणत्या बाजूला फिरेल हे मागची वॉशर कशी बसवली यावर असतं. तेच कुलूप सुताराने उलटी वॉशर टाकून बसवलं की दिशा बदलली. लेटरबॉक्स उघडा असेल तर मागून जीभ पाहा, विषय संपला. लोखंडी कपाटाचं कुलूप वापरातलं असतं, त्यात आईचे दागिने असतात, लांब राहा.

९. प्लग थोडासा फिरला आणि थांबला. दिशा चुकली का?

बहुतेक नाही, उलट तुम्ही जवळ पोचलात. जरा बऱ्या कुलपात काही पिना डमरूच्या आकाराच्या असतात, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. त्यांना स्पूल म्हणतात. पीळ दिल्यावर डमरूची कंबर शीअर लाइनवर फसते, प्लग काही अंश फिरतो आणि वाटतं की झालं. याला फॉल्स सेट म्हणतात.

आणि इथेच दिशेचा सगळ्यात मोठा घोळ होतो. ती डमरू पिन वर ढकलायला गेलात की प्लग तुमच्या पिळाच्या उलट्या बाजूला मागे सरकतो, पट्टी बोटाला ढकलते. नवीन माणसाला वाटतं कुलूप सांगून राहिलं की दुसऱ्या बाजूला फिरव, तो पीळ बदलतो आणि बसलेल्या सगळ्या पिना खाली पडतात. असं करू नका हो. पीळ त्याच बाजूला ठेवा, फक्त ढिला करा, प्लगला मागे येऊ द्या, पिन हळूच वर सरकवा, टिक होईल आणि प्लग परत पुढे येईल. फरक एवढाच लक्षात ठेवा: चुकीच्या दिशेत सगळ्या पिना बसल्या की प्लग मोकळा फिरतो पण कुलूप उघडत नाही, फॉल्स सेटमध्ये तो मोकळा झालेलाच नसतो, हलवला की लवचिक लागतो.

१०. सगळ्या पिना बसल्या, प्लग फिरला, पण उलट्या बाजूने. परत पहिल्यापासून?

सरळ परत फिरवलं तर प्लग मधल्या जागेवर, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तिथे आला की स्प्रिंगा पिनांना धपकन आत ढकलतात आणि कुलूप परत बंद. पिना पडायच्या आत तो बारा ओलांडून गेला तरच वाचलात. हाताने तेवढा वेग येत नाही, त्यासाठी प्लग स्पिनर नावाचं अवजार असतं, स्प्रिंग पिळून ठेवायची आणि सोडायची, प्लग झटक्यात पलीकडे जातो. सुरुवातीला विकत घेऊ नका, त्यापेक्षा परत पिक करा, सराव होतो. पण दुसऱ्या बाजूने पिकताना तोच क्रम लागेल असं समजू नका, का ते प्रश्न १२ मध्ये.

११. अर्धा फेरा फिरला आणि आता मागे पण जात नाही पुढे पण जात नाही. चाबी पण जात नाही!

हे माझ्याबरोबर झालं आहे, म्हणून जरा सविस्तर. मे महिना, दुपारचा दीड, नागपूरचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, गेटच्या आतल्या दाराला असलेलं सिलिंडर मी हौसेने बाहेर उभं राहून पिक करत होतो. वापरातलं कुलूप. चाबी खिशात होती, म्हणून वाटलं काय होणार. पिक झालं, फिरलं, उघडायला पूर्ण फेरा लागत होता, आणि बरोब्बर अर्ध्या फेऱ्यावर खट्. चाबी घालायला गेलो तर फटीत जाईना. बाबा आत कूलरसमोर झोपलेले, बाहेर मी आणि ४५ डिग्री.

झालं काय ते नंतर कळलं. अर्ध्या फेऱ्यावर चाबीच्या फटीची पाठ पिनांच्या भोकांसमोर येते. चाबी असते तेव्हा तिची सपाट पाठ ती फट भरून टाकते, पिना सरळ वरून निघून जातात. पिकने उघडलं की फट रिकामी, मग स्प्रिंगकडच्या पिना तिच्यात घुसतात आणि प्लगला दोन्ही बाजूंनी धरून बसतात. जोर लावला की पिना वाकतात, स्प्रिंगा चेपतात, मग सिलिंडर बदलावंच लागतं.

शेवटी चौकातल्या चाबीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी पिशवीतून हॅक्सॉ ब्लेडचा घासून पातळ केलेला तुकडा काढला, फटीत सारला, पिना मागे दाबून धरल्या आणि पट्टीने प्लग पुढे नेला. दहा सेकंद. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबू, चाबी हाय ना तुह्या खिशात? मंग कायले करून राहिला बे असं?" उत्तर नव्हतं. काकांना पाणी दिलं, पैसे दिले, आणि बाबांना अजून सांगितलेलं नाही.

म्हणजे उपाय हाच, पातळ सपाट पट्टी फटीत पूर्ण आतपर्यंत घालून पिना मागे दाबायच्या आणि मग फिरवायचं. पूर्ण फेऱ्याच्या कुलपात पट्टी अर्ध्या फेऱ्याच्या आधीच घालून ठेवा. आणि असं कुलूप दोन फेऱ्यांचं असेल तर मध्ये बारा वाजता पिना परत बसतात, म्हणजे दुसरा फेरा परत पिक करावा लागतो. (प्रश्न १० मधला स्पिनर इथे पण कामी येतो.)

१२. दोन्ही बाजूंनी पिक केलं तर पिनांचा क्रम तोच राहतो का?

नाही, साधारण उलटा होतो. प्रश्न ३ मध्ये सांगितलं की भोकं सरळ रेषेत नसतात. समजा तिसरं भोक सगळ्यात जास्त डावीकडे सरकलेलं आहे आणि पहिलं सगळ्यात जास्त उजवीकडे. एका बाजूला पीळ दिला की आधी तिसरी अडेल आणि पहिली शेवटी, दुसऱ्या बाजूला दिला की आधी पहिली अडेल. म्हणून एकच कुलूप म्हणजे दोन कोडी आहेत. माझ्याकडे एक पितळी कुलूप आहे, घड्याळाच्या दिशेने पाच मिनिटांत मोकळं होतं, उलट्या दिशेने अर्धा तास खातं. वहीत दोन्हींचा क्रम वेगळा लिहून ठेवा. आणि नवीन कुलपं घ्यायला पैसे नसतील तर जुनीच उलट्या बाजूने खेळा.

१३. जाड चाबीचं, लिव्हरचं कुलूप. त्याला पण हेच लागू?

तत्त्व तेच, अवयव वेगळे. आत पितळी पाट्या एकावर एक असतात, त्यांना लिव्हर म्हणतात, आणि प्रत्येक पाटीत एक खाच. चाबी फिरताना पाट्या उचलते, सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टवरचा खुंटा त्यातून सरकतो. पाटी कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. पीळ प्लगला नाही, बोल्टला द्यायचा असतो, म्हणून अवजार पण वेगळं, एकात एक घातलेल्या दोन दांड्यांचं. आपल्याकडच्या गेटला, दुकानाच्या शटरला जे जड कुलूप लटकतं ते बहुतेक हेच, किती लिव्हर आहेत ते पुष्कळदा बॉडीवरच कोरलेलं असतं. अलीगढ या कुलपांचं मोठं गाव, आणि मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ मध्ये.

दिशा इथे सोपी आहे. चाबीने बंद करावं लागणारं कुलूप बंद करताना जिकडे फिरतं, उघडताना त्याच्या उलट.

आणि एक जुना किस्सा, कारण तो दिशेचाच आहे. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब याने १८१८ मध्ये असं लिव्हरचं कुलूप काढलं की कोणी पाटी जास्त उचलली तर आत एक कळ अडकायची आणि मग मालकाची खरी चाबी पण चालायची नाही. म्हणजे मालकाला कळायचं की कोणीतरी हात घातला होता. आधी ते मोकळं करायला वेगळी चाबी लागायची, नंतरच्या सुधारलेल्या कुलपात मालकाची चाबी उलट्या दिशेने फिरवली की कळ सुटायची. १८५१ मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन आला आणि त्याने हे कुलूप उघडलं, त्या अडकणाऱ्या कळीचाच फायदा घेऊन. मग ब्रामा नावाच्या इंग्रज कुलूपवाल्याचं कुलूप उघडलं, जे दुकानाच्या खिडकीत २०० गिनींचं बक्षीस लावून कित्येक वर्षं ठेवलेलं होतं. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. तुमचं कुलूप दोन तासांत उघडलं नाही तर रडू नका.

१४. दोन्ही बाजूंनी उघडणारं कुलूप असतं का?

असतं. स्वस्त लोंबत्या कुलपांमध्ये पुष्कळ. दाबून बंद होणारी, आत स्प्रिंगवाली, त्यात प्लगने नुसती एक कळ बाजूला सारायची असते, ती कुठूनही सरकली तरी चालते. प्रॅक्टिसला एकदम बेस्ट, प्रश्न १२ चा प्रयोग यावरच करा.

१५. चाबी घालूनही फिरत नाही, किंवा फार जड फिरतं. दिशा चुकते का?

उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये हा प्रश्न हमखास येतो. दिशा बरोबरच असते. उन्हाळाभर धूळ आत जाते, लोक वरून खोबरेल तेल नाहीतर शिलाई मशीनचं तेल ओततात, दोन्ही मिळून चिखल होतो आणि पहिल्या पावसानंतर पिना त्यात रुततात. पिनवाल्या कुलपाला कोरडं ग्रॅफाइट द्या, नसेल तर पेन्सिलचं शिस चाबीच्या दातांवर नीट घासा आणि चाबी दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. आधीच तेल ओतलेलं असेल तर आधी क्लीनरने धुवून पूर्ण वाळवा, ओल्यावर ग्रॅफाइट टाकलं तर अजून घट्ट चिखल. पक्कडीने चाबी फिरवू नका, तुटली की अर्धी आत राहते.

१६. मी डावखुरा आहे, मला वेगळ्या बाजूने पिकावं लागेल का?

कुलपाला तुमचा हात माहीत नसतो. डाव्या हातात पिक, उजव्यात पट्टी, दिशा जी आहे तीच.

१७. स्कूटी किंवा बाइकच्या लॉकवर प्रॅक्टिस करू का?

नको. त्यात बारीक वेफर असतात, वाकले की पूर्ण लॉक सेट बदलावा लागतो, आणि रस्त्यावर गाडीच्या लॉकमध्ये तार घालून बसलेला माणूस कसा दिसतो ते तुम्हीच ठरवा. गॅरेजमधून जुना काढलेला लॉक मिळाला तर टेबलावर खुशाल करा.

१८. शेजारच्या काकूंची चाबी आत राहिली, दार ओढलं गेलं. उघडून देऊ?

मी देत नाही. ओळखीचं घर असलं तरी कुलूप वापरातलं आहे, आणि प्रश्न ११ सारखं झालं तर सिलिंडरचे पैसे कोण देणार. शिवाय उद्या त्या घरात काही गेलं तर पहिलं नाव कोणाचं निघेल? मी काकूंना आमच्याकडे बसवतो, चहा करतो, आणि चौकातल्या काकांना फोन लावतो. ते आले की बाजूला उभा राहून त्यांचे हात पाहतो. पट्टी घातली की सगळ्यात आधी ते दोन्हीकडे एकेकदा दाबून पाहतात, पिनांकडे नंतर वळतात.